हॉर्नचा घसा बसतो तेव्हा

गाडीचा हॉर्न एकदम गप्प होत नाही. आधी थोडा घोगरा होतो, मग भिजलेल्या पिपाणीसारखा बोबडतो आणि शेवटी घाटातल्या आंधळ्या वळणावर समोरून ट्रक येत असताना नुसता 'प्ऽऽ' म्हणतो. यावर शेजारपाजारचं निदान ठरलेलं: "हॉर्न गेला, नवा टाका." बिचारा हॉर्न बहुतेक वेळा ठणठणीत असतो. त्याला पोटभर वीज मिळत नसते, एवढंच.

बऱ्याच गाड्यांत हॉर्न दोन असतात, एक खर्जाचा आणि एक वरच्या पट्टीचा. 400 आणि 500 हर्ट्‌झच्या आसपासची जोडी घेतली तर ते चक्क सा आणि शुद्ध गंधार होतात. यातला एक मुका झाला की उरलेला एकटा केविलवाणा वाजतो आणि आपण म्हणतो, आवाज कमी झाला. म्हणून कानात कापसाचे बोळे घालावेत, बॉनेट उघडावं, कुणाला तरी हॉर्न दाबायला सांगावं आणि एकेका हॉर्नवर बोटं टेकवून बघावं. थरथरत नाही तो संशयित. थरथरतोय पण दबका वाजतोय, तर तो बंपरला किंवा शेजारच्या पत्र्याला टेकलाय का ते पाहावं. ज्या पोलादी पट्टीवर हॉर्न बसवलेला असतो, तिला थोडं डुलायला जागा लागते.

इंजिन सुरू केल्यावर आवाज सुधारत असेल तर बॅटरीकडे बघा. भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, इंजिन चालू झालं की 14 च्या आसपास. दोन्ही हॉर्न मुके असतील तर आधी फ्यूज, मग रिले (बटणाच्या इशाऱ्यावर हॉर्नला वीज जोडणारा छोटा स्विच). बटण दाबल्यावर रिलेची 'टिक' ऐकू आली, तर स्टिअरिंगपासून रिलेपर्यंतचा रस्ता ठीक आहे. फ्यूज-रिलेच्या त्याच डब्यात बहुधा तशाच नंबरचा दुसरा रिले असतो, तो क्षणभर अदलाबदल करून पाहता येतो. मात्र स्टिअरिंग ठरावीक कोनात वळवल्यावरच हॉर्न वाजत असेल किंवा एअरबॅगचा दिवा लागलेला असेल, तर हात आवरावा. आतली गुंडाळी केबल तुटत आलेली असू शकते आणि तिच्यासमोर एअरबॅग बसलेली असते. तिथे पान्हा घेऊन शिरायचं नाही.

खरी गोम असते सांध्यांत. हॉर्न ग्रिलमागे बसतो, म्हणजे पावसाळाभर चिखल थेट तोंडावर. पितळी भांड्यात ताक कळकावं तशी कनेक्टरची टोकं हिरवी पडतात. इथे व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर सगळ्यांना फसवतो. कनेक्टर काढून मोजलं तर पूर्ण 12 व्होल्ट दिसतात, कारण तेव्हा करंट वाहतच नसतो. एक हॉर्न साधारण 4 अँपिअर खातो. सांध्यात अर्धा ओहम अडथळा आला की 2 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. तेव्हा कनेक्टर लावलेलाच ठेवून, हॉर्न वाजत असताना त्याच्या दोन टोकांवर मोजावं. बॅटरीवर 12.4 आणि हॉर्नवर 10 आले, तर मधले जवळपास अडीच व्होल्ट कुठे सांडतात ते शोधायचं. मीटरचं एक टोक हॉर्नच्या अर्थला (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या टोकाला), दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावून पुन्हा हॉर्न दाबा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थ खराब. अर्थचा बोल्ट काढून खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासावा, घट्ट आवळावा, वरून व्हॅसलिनचं बोट फिरवावं. निम्मे 'गेलेले' हॉर्न इथेच परत येतात. (भंगारात गेलेल्यांची गणती कोण ठेवतो!)

एवढं करूनही घोगराच राहिला तर हॉर्न बाहेर काढावा. शंखाच्या आकाराचा असेल तर आतलं पाणी झटकून सुकवावा आणि बसवताना तोंड खाली ठेवावं. मागे बहुधा रंगाने किंवा लाखेने बुजवलेला छोटा स्क्रू असतो. आत तारेची गुंडाळी पोलादी पडद्याला ओढते, पडदा ओढला गेला की पॉइंट (वीज जोडणारा-तोडणारा आतला सांधा) उघडतो, वीज तुटते, पडदा मागे येतो, पुन्हा वीज. हे सेकंदाला चारशे-पाचशे वेळा. पॉइंट झिजला की हे गणित बिघडतं आणि तो स्क्रू ते पुन्हा जुळवतो. तानपुऱ्याची जवारी लावावी तसंच हे काम, फक्त कानठळ्या बसवणारं. मूळ जागेवर मार्करने खूण करून एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवायचं, सेकंदभर वाजवायचं, ऐकायचं. एका बाजूला जास्त गेलात तर पॉइंट उघडतच नाही, 'टक्' होतं आणि गुंडाळी तापू लागते. लगेच सोडावं. सूर सापडला की नेलपॉलिशचा थेंब टाकून स्क्रू पक्का करावा. स्क्रूच नसेल किंवा खूप फिरवूनही कुरकुर थांबत नसेल, तर मात्र "नवा टाका" म्हणणाऱ्यांचं ऐकावं.

चाचणी दिवसाच घ्या. रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत निवासी भागात सार्वजनिक आणीबाणीशिवाय हॉर्न वाजवायला कायद्याने बंदी आहे आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवती जाहीर केलेल्या किमान 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात तर दिवसाही. शिवाय दुपारी दोन ते चारमध्ये सोसायटीत सा-गंधार लावलात, तर कायद्याची वाट कुणी बघणार नाही.