भिंतीवरचं कथील

परदेशातून येताना नातेवाईक जी शोभेची ताटली आणतात, तिचं पुढे काय करायचं हे आपल्याकडे कुणालाच ठाऊक नसतं. ती जेवायची नसते, देवाची नसते, आणि टेबलावर ठेवावी तर कुणीतरी तिच्यात सिगारेट विझवायला निघतं. शेवटी भिंतीवर जाते. आमच्याकडची क्वालालंपूरची आहे, प्यूटर नावाच्या मिश्रधातूची. मधोमध जुळे मनोरे, कडेने जास्वंद. चित्रात काही दम नाही. हेच मनोरे फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकावरही मिळतात. मला ती पालथी करून बघायला आवडते. मागे नुसता धातू, आणि मलेशिया खरा तिथे आहे.

प्यूटरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त कथील असतं, बाकी थोडं अँटिमनी आणि तांबं. आणि क्वालालंपूर वसलं ते कथलापायीच. १८५७ साली सेलांगोरच्या राजघराण्यातल्या राजा अब्दुल्लाने ८७ चिनी मजूर क्लांग नदीतून वर अम्पांगकडे धाडले. महिन्याभरात बहुतेकांना हिवतापाने नेलं. मग आणखी धाडले. मजुरांमागून दुकानं आली आणि दुकानांमागून शहर. १८८५मध्ये चीनमधून योंग कून नावाचा कारागीर तिथे आला आणि देवापुढची धूपपात्रं, मेणबत्त्यांची घरं घडवू लागला. रॉयल सेलांगोर ही कंपनी त्याच्यापासूनची. साहेबलोकांचे बिअरचे मग पुढचे, पर्यटकांच्या ताटल्या त्याहून पुढच्या.

खाणींच्या आसपास बायका ओढ्यात उभ्या राहून ‘दुलांग’ नावाच्या लाकडी परातीत वाळू घोळवायच्या आणि तळाशी बसलेले जड काळे कण वेचायच्या. ताटलीवर काही कोरायचंच होतं तर ही परात कोरायची! पण विमानतळावर मनोरेच खपत असणार. ऑक्टोबर १९८५मध्ये कथलाचा बाजार कोसळला, खाणी एकेक करून बंद पडल्या. त्यांच्या खड्ड्यांची तळी झाली. क्वालालंपूरजवळच्या सनवेला तर अशा जुन्या खाणीवर आता वॉटरपार्क आहे.

आपल्याकडे बस्तरचा भाग सोडला तर कथील फारसं निघत नाही. मलायाचं कथील आपल्याकडे जहाजाने यायचं आणि त्याच्या कांड्या कल्हईवाल्याच्या पिशवीत जाऊन बसायच्या. तो रस्त्याकडेला खड्डा खणून भाता लावायचा, तापल्या पातेल्यात नवसागर टाकून कांडी फिरवायचा, आणि त्या झणझणीत धुरात कापसाच्या बोळ्याने एक हात मारला की पितळ आतून चांदीसारखं पांढरं. कल्हई उडाली की ताक कळकलंच म्हणून समजा. म्हणजे मलेशियाचा हा वारसा आपण पिढ्यान्‌पिढ्या आमटीबरोबर वापरला, फक्त खिळ्याला टांगला नाही. पुढे स्टेनलेस स्टील आलं आणि कल्हईवाल्याची हाळी बंद झाली.

शेजारच्या आजींनी परवा ती ताटली हातात घेतली, वजन जोखलं, नखाने खरवडून पाहिलं. मनोऱ्यांकडे ढुंकूनही न बघता म्हणाल्या, “अगं, एवढ्यात अख्ख्या वाड्याच्या भांड्यांना कल्हई झाली असती!”