वृत्ताची वही : चौदावा महिना

आधी आकडे टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवं ते मोकळे. गेल्या श्रावणापासून चौदा महिने झाले. दोनशे पानी चौकटीची एक वही संपली, दुसरी निम्म्यावर आहे. वृत्तात किंवा छंदात बिनचूक बसलेल्या ओळी ३१२. परवा सगळ्या पुन्हा वाचल्या, तेव्हा ठेवाव्याशा वाटल्या त्या ४१. मार्चमध्ये हाच आकडा मी ९० लिहिला होता. म्हणजे ओळी वाढल्या आणि ठेवण्यासारख्या घटल्या. याला प्रगती म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी म्हणतोय.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी साखर कारखान्यात हिशेब विभागात आहे. कविता म्हणजे वृत्त, वृत्त म्हणजे मोजणं, आणि मोजायचा तर आपल्याला पगारच मिळतो, असा सरळ हिशेब मांडून बसलो होतो. ऑफिसात कळल्यावर एकाने विचारलं, "रोज किती पाडतोस?" कविता लोक करत नाहीत, पाडतात. आणि ट ला ट जुळला की ती झाली, हेही सगळ्यांना माहीत असतं. खरं सांगायचं तर माझीही समजूत फार वेगळी नव्हती, फक्त मी ट च्या आधीची अक्षरंही मोजणार होतो.

पहिले तीन महिने अभंग. मोठा अभंग सहा-सहा-सहा-चार, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही, नुसती अक्षरं मोजायची. माझा पहिला असा होता:

हिशेबाची वही
उघडी ठेविली
त्यात ओळ आली
कुठूनशी

बायकोला मोठ्या हौसेने वाचून दाखवला. ती म्हणाली, "अहो, तुम्ही जन्मात कधी 'ठेविली' म्हणालात?" नव्हतो म्हणालो. 'ठेवली' लिहिलं तरी कागदावर अक्षरं तेवढीच, पण म्हणताना 'ठेव्ली' होऊन एक कमी ऐकू येत होतं, म्हणून मधे एक वेलांटी घुसवून सतराव्या शतकात जाऊन आलो. शेवटी 'उघडी राहिली' केलं. अक्षरं सहाच, पण आता वही मी उघडी ठेवलेली नाही, ती आपली राहून गेली आहे. 'कुठूनशी'शी हे जास्त जमतं. मोजणीसाठी बदल केला आणि अर्थ सुधारून आला, हे तेव्हा पहिल्यांदा झालं. तो योगायोग होता असं मी धरून चाललो होतो.

मग हंगाम सुरू झाला आणि मी भुजंगप्रयात धरला. ओळीत बारा अक्षरं, चार 'य' गण: यमाचा यमाचा यमाचा यमाचा. (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट. 'य' गणात पहिलं लघू म्हणजे ऱ्हस्व, पुढची दोन गुरू म्हणजे दीर्घ.) मनाचे श्लोक ज्याने शाळेत घोकलेत त्याच्या कानात ही चाल कायमची बसलेली असते, त्यामुळे सुरुवातीला हेच घ्या असं मी सगळ्यांना सांगतो. तोटा एवढाच, की काहीही लिहिलं तरी उपदेश केल्यासारखं ऐकू येतं.

या एका ओळीवर मी जवळजवळ अख्खा जानेवारी घालवला, म्हणून ती सविस्तर देतो. उसाच्या अड्ड्यात बैलगाड्यांची रांग लागलेली असते, ते लिहायचं होतं. पहिला खर्डा:

उभी लांब रांगेत बैलांची गाडी

मोजून बघा. 'उभी लां', 'ब रांगे', 'त बैलां' इथवर ठीक, मग 'ची गाडी'. 'ची' गुरू, आणि जागा लघूची. जुन्या पंडित कवींनी इथे बेलाशक 'बैलांचि' लिहून काम भागवलं असतं. मी पण लिहिलं, आणि दोन दिवस ती ऱ्हस्व वेलांटी दातात अडकलेल्या उसाच्या चोयटीसारखी टोचत राहिली. दुसरा खर्डा:

उभी लांब रांगेत ती बैलगाडी

हा बिनचूक. बारा अक्षरं, गण चोख, मी खूश. रात्री झोपताना लक्षात आलं, 'ती' कोण? कुठली ती? आधी कुठे आलीच नाही. ती फक्त एक गुरू अक्षर भरायला आली होती. याला भरतीचा शब्द म्हणतात. माझ्या ९० ओळींच्या ४१ कशाने झाल्या असं कुणी विचारलं, तर त्याचं उत्तर हेच: सापडला भरतीचा शब्द की ओळ बाद. 'ती', 'ही', 'नि', 'जरा', 'सदा', 'खरे'. 'सदा'ने तर माझ्याकडे मुक्कामच ठोकला होता.

तिसरा खर्डा:

उभी कालपासून ही बैलगाडी
धुक्याने तिचे बैल झाकून गेले

('धुक्याने'तला 'धु' लघूच धरलाय. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होतं ते आघात आला तर. 'धुक्या' म्हणताना 'धु'वर जोर येत नाही. तोंडाने म्हणून बघा, डोळ्यांनी ठरवू नका.)

'लांब रांगेत' गेलं आणि 'कालपासून' आलं. रांग दिसायची ती आता ताटकळते. आणि हे मला वृत्ताने सुचवलं, मी काही एवढा हुशार नाही. वजनकाट्यावरच्या आमच्या मित्राला ऐकवलं. तो म्हणाला, "बैल रात्री जुपून ठेवत नाहीत गा, सोडून बांधत्यात." मी म्हटलं, जुपलेले आहेत असं कुठे लिहिलंय? त्याने परत म्हणायला लावलं, ऐकलं आणि म्हणाला, "मग बरोबर हाय." कविता आहे की नाही हा प्रश्न त्याला पडलाच नाही. खरं आहे का, एवढंच त्याने तपासलं. आत्तापर्यंत मिळालेली सगळ्यात चांगली तपासणी मी हीच मानतो.

उलट गंमत मे महिन्यात झाली. नात्यातल्या लग्नात मंगलाष्टकं करायचं काम अंगावर आलं. शार्दूलविक्रीडित: एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती म्हणजे थांबा. मी दिलेली एक ओळ:

आली मंगल वेळ ही घरभरी हास्ये नि गाणी फुले

गण तपासा, एक मात्रा इकडची तिकडे नाही. आणि ओळीत काहीही नाही. शेवटचं 'फुले' हे नाम आहे की क्रियापद, हे मलाही सांगता येणार नाही. वर 'ही' आणि 'नि', दोन भरतीचे. पण मांडवात लोकांनी डोळे पुसले, आणि "काय काव्य आहे!" हे शब्द चौदा महिन्यांत मला याच एका ओळीबद्दल ऐकायला मिळाले.

मामांच्या नावाचा घोळ वेगळाच. या वृत्तात तीनापुढे सलग लघू येत नाहीत. मधुकर, दिनकर असल्या चारही लघूंच्या नावांना सरळ जागाच नाही. हाक मारली तर बसतं: 'मधुकरा'. तसं बसवलं. आता भर मांडवात सगळ्यांसमोर मुलीच्या मामांना एकेरी! मामींनी अजून माझ्याशी बोलणं धरलेलं नाही.

याच वृत्तात केशवसुतांनी 'आम्ही कोण?' लिहिली, कवी म्हणजे कोण हे ठणकावून सांगणारी. आणि अत्र्यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुलें'मध्ये तिचं विडंबन केलं तेही याच वृत्तात. ते तसंच्या तसं बसलं म्हणून तर हसू येतं. मंगलाष्टक, कवीचा तोरा आणि त्या तोऱ्याची टिंगल, तिन्ही एकाच साच्यात. साचा कुणालाच नाही म्हणत नाही. कविता म्हणजे वृत्त हा माझा हिशेब इथे मोडला. मागाहून वाचलं तर संस्कृत साहित्यशास्त्री विश्वनाथाने चौदाव्या शतकातच 'वाक्यं रसात्मकं काव्यम्', म्हणजे रसाने भरलेलं वाक्य ते काव्य, असं म्हणून ठेवलंय. त्यात वृत्ताचं नावही नाही, आणि बाणभट्टाचं गद्यसुद्धा आपले जुने लोक काव्यच म्हणत आले. मीच उशिरा पोहोचलो.

पावसाळ्यात आर्या घेतली. यात अक्षरं नाही, मात्रा मोजायच्या: लघूची एक, गुरूच्या दोन. नोंद एकच. आपण सगळे लहानपणापासून म्हणतो ते हे:

सुश्लोक वामनाचा अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची
ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची

मात्रा मोजल्या. १२, १८, १२, १८. आर्येच्या शेवटच्या चरणात १५ हव्यात. म्हणजे आर्येची थोरवी सांगणारी ही ओळ स्वतः आर्या नाही, गीति आहे, म्हणजे शेवटच्या चरणातही १८ मात्रा असणारी. मयूरपंत म्हणजे मोरोपंत, त्यांच्या ज्या रचनेला आपण आर्या म्हणतो तीही मुख्यतः गीतीच. जाणकारांना हे जुनं असेल, मला मात्र हिशेबात पैसे जास्त निघाल्यासारखा आनंद झाला. गण मी तोडून बघितले नाहीत अजून, फक्त मात्रा.

आता या महिन्याची खरी नोंद. गौरीला गावी गेलो होतो. आत्याचं वय ऐंशीच्या पुढे. जातं परसात पालथं पडलंय, पण ओव्या तिला शेकड्यांनी येतात. मी वही काढून म्हटलं, आत्या, तुझ्या कविता लिहून घ्यायच्यात. ती म्हणाली, "कविता शाळंत असत्यात बाबा. मी आपल्या ओव्या म्हणते." चेष्टेने नव्हे, दुरुस्ती म्हणून. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत. त्या म्हणणाऱ्यांतल्या कितीजणींनी स्वतःला कवयित्री म्हणवून घेतलं असेल?

ती म्हणत गेली, मी अक्षरं मोजत गेलो. नऊ, सात, अकरा, पाच. काही लागेना. पेन्सिल ठेवून बघत बसलो तेव्हा दिसलं की तिचा उजवा हात मांडीजवळ गोल फिरतोय, समोर जातं नसताना. आणि 'गं', 'बाई' हे शब्द येतात ते हात एका ठराविक जागी आला की. माझ्या हिशेबाने हे सगळे भरतीचे, लाल रेघेचे. पण ते काढून म्हणायला सांगितलं तर तिला पुढचं आठवेना. हात थांबला की ओवी थांबायची. माझा 'ती' जागा भरत होता. तिचा 'गं' जात्याचा फेरा पुरा करतो.

मग मला काय वाटलं कोण जाणे, मी तिला माझी बैलगाडी म्हणून दाखवली. तिने दोनदा ऐकली. "चांगलं हाय, पर घाई हाय," म्हणाली. भुजंगप्रयाताला घाईचा म्हणणारी ती पहिलीच, आणि तेव्हापासून मला ते वृत्त खरोखरच धावताना ऐकू येतं. मग हात फिरायला लागला आणि तिने तीच गोष्ट तिच्या चालीवर म्हटली:

उभी गं माझी गाडी
कालच्या तिनीसांजा
धुक्यात हरवला
बैल राजा

माझे बैल झाकले होते, तिचा हरवला. दोनाचा एक झाला आणि त्याला नाव मिळालं. म्हणून झाल्यावर तिने सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला.

एसटीत बसल्यावर मोजलं. सात, सात, सात, चार. साडेतीन चरण, आणि त्या सातात 'गं' धरलेला आहे. वहीत मी दोन रकाने ठेवलेत, 'बसलेल्या' आणि 'ठेवलेल्या'. ही कुठे लिहू ते ठरेना, म्हणून समासात लिहून ठेवलीय, आणि वरचा आकडा ४१च आहे.