‘पटतं ना?’ असं विचारू नये

आपल्या शाळेच्या वादविवाद स्पर्धेत अनुकूल की प्रतिकूल हे चिठ्ठी ठरवायची. त्यामुळे तयारी दोन्ही बाजूंची करावी लागे. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर तिथल्या लोकांशी बोलताना ही सवय फार उपयोगी पडते. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात ८४.६ टक्के मतदान झालं, ५५.३ टक्के ‘नाही’ म्हणाले, ४४.७ टक्के ‘हो’. तिथे कायदेशीर राहणारे भारतीय नागरिकही राष्ट्रकुलातले म्हणून मतदार होते, तेव्हा मराठी घरांनाही हा विषय परका नाही.

आधी प्रश्नाचे शब्द. ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा, याच्याशी तुम्ही सहमत आहात का?’ असा मूळ मसुदा होता. निवडणूक आयोगाने तो लोकांवर तपासला आणि ‘सहमत आहात का’ काढायला सांगितलं, कारण ते शब्द उत्तर ‘हो’कडे ढकलत होते. आपल्या बोलण्यातला ‘ना’ अगदी हेच करतो. ‘पटतं ना?’ म्हटलं की समोरचा मान डोलावतो नाहीतर चिडतो. ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढं पुरे. मत कुणीकडे टाकलं हे मात्र विचारूच नये.

मग एका बैठकीत एकच मुद्दा : चलन, पेन्शन, उत्तर समुद्रातलं तेल किंवा स्कॉटलंडमधल्या फास्लेनच्या नौदल तळावरची ब्रिटिश अण्वस्त्रं. पाउंडावर अडचण आली की माणूस अस्मितेवर उडी मारतो, आणि तिथे आकडे चालत नाहीत. समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडावं. ‘हो, हेच म्हणतोय मी’ असं तो म्हणाला की मगच उत्तर द्यावं.

आकड्यासोबत महिना सांगावा. जून २०१४ मध्ये तेल पिंपाला ११० डॉलरच्या आसपास होतं, जानेवारी २०१५ मध्ये ५० च्या खाली. भांडणारे दोघंही खरं बोलत असतात.

युनियनमध्ये, म्हणजे ब्रिटनसोबत, राहिलात तर युरोपीय संघातली जागाही टिकेल, असं २०१४ मध्ये सांगितलं गेलं. २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहण्याचा कौल दिला, तरी ब्रिटन बाहेर पडलं. त्यानंतर मतं फिरली, दोन्ही दिशांनी. अशा माणसाला ‘तेव्हा तर तुम्ही...’ म्हणून टोचणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि गाव विचारून बाजू ठरवू नये. ग्लासगो ‘हो’चं शहर म्हणतात, तिथेही शंभरातले ४६ जण ‘नाही’ म्हणाले होते.