सहा तास गाडी चालली, बॅटरी उपाशीच

पहाटे तीनच्या सुमाराला हीटरचा पंखा घरघरला, एकदा दम धरल्यासारखा थांबला आणि बंदच पडला. ऑक्टोबरची शाळेची सुट्टी, स्कॉटलंडमधलं ग्लेन्को, आणि आमची कॅम्परव्हॅन उभी होती ती विजेची जोडणी नसलेल्या जागेवर. हीटरच्या छोट्या पडद्यावर कमी व्होल्टेजची खूण लुकलुकत होती. फ्रिजही गप्प झाला होता. लेक झोपेतच पांघरुणात आणखी आत शिरला, नवऱ्याने अंगावर जाकीट चढवलं, आणि मी काचेवर आतून गोठलेलं दव बघत हिशेब करत बसले. काल लीड्सहून इथवर सहा तास गाडी चालली होती. सहा तास! एवढ्या वेळात बॅटरी काठोकाठ भरायला हवी होती.

ही बॅटरी म्हणजे इंजिन चालू करणारी नव्हे, मागच्या संसाराची: दिवे, फ्रिज, पाण्याचा पंप, हीटर. इथे तिला लेझर बॅटरी म्हणतात. आईला फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला वाटलं आम्ही गाडीत लेझर किरणांचं काहीतरी बसवलंय. लेझर म्हणजे निवांतपणा, असं समजावलं तर म्हणाली, "मग सरळ निवांत बॅटरी म्हण की." तेव्हापासून घरात तिचं नाव निवांत. त्या रात्री मात्र तिने कुणालाच निवांत झोपू दिलं नाही.

खरं तर ही दुसरी निवांत. पहिली वर्षभरात गेली होती. दुकानात तपासून सांगितलं की आत सल्फेट धरलंय. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार अर्धवट भरून ठेवली की प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट होतात आणि तिची धारणशक्ती कमी होत जाते. मी ऐकलं, मान डोलावली आणि तसलीच ११० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) नवी घेऊन आले. ती अर्धवट का भरत होती, हा प्रश्न तेव्हा डोक्यातही आला नाही.

तो विचारला कोल्हापूरच्या मामांनी. मामांचं ऑटो इलेक्ट्रिकलचं गॅरेज. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे तासन् तास बसायचे, दोन वायरी जोडलेला टेस्ट लॅम्प धरायचं काम माझं. ग्लेन्कोहून परतल्यावर त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि नव्या बॅटरीच्या नावाने खडे फोडले. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बॅटरीला कशाला नावं ठेवतीस? डायनामो काय देतोय ते बघितलंस काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार?"

मामा अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला, अजून डायनामोच म्हणतात.

मग एका रविवारी नवरा गाडी चालवायला आणि मी शेजारी, सिगारेट लायटरच्या खोबणीत पाच-सहा पौंडांना घेतलेला व्होल्टमीटर खोचून, असे यॉर्कच्या रस्त्याला लागलो. पुढची बॅटरी मागच्या बॅटरीला जोडणारा रिले, म्हणजे आपोआप लागणारा-सुटणारा स्विच, माझ्याच सीटखाली होता. गाडी सुरू केली: १४.५ व्होल्ट. सीटखाली टक्. रिले लागला. दहा-बारा मिनिटं सगळं छान चाललं होतं. ए६४ वर गाडी एका गतीला आली आणि आकडा उतरू लागला: १३.६, १३.१, १२.७. टक्. रिले सुटला. पुढे उतार लागला, नवऱ्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर आकडा थेट १४.९ आणि पुन्हा टक्. सपाटी आली, १२.६, टक्. यॉर्कला पोचेपर्यंत हा ताशा चालू होता, आणि त्यातला जास्तीत जास्त वेळ रिले सुटलेलाच होता.

गोम अशी. आमची गाडी २०१७ ची, युरो ६ या धुराच्या नियमात बसणाऱ्या इंजिनाची. अशा बहुतेक गाड्यांत "स्मार्ट" अल्टरनेटर असतो. जुना अल्टरनेटर इंजिन फिरतंय तोवर १४ व्होल्टच्या वर देत राहतो. हा मात्र इंधन वाचवायला, धुरातला कार्बन डायऑक्साइड कमी करायला, पुढच्या बॅटरीचं पोट जरा भरलं की हात आखडता घेतो. तिला मुद्दाम थोडी रिकामी ठेवतो, म्हणजे उतारावर आणि ब्रेक लावताना फुकटात मिळणारी ऊर्जा तिच्यात घालता येते. आमचा रिले व्होल्टेज बघून काम करणारा: १३.३ च्या वर गेलं की लागतो, १२.८ च्या खाली आलं की सुटतो. जुन्या गाडीत बिचाऱ्याने इमानेइतबारे काम केलं असतं. ज्याने ही व्हॅन कॅम्पर केली त्याने आपल्या नेहमीच्या सवयीने तोच बसवला होता.

उपाय होता डीसी-डीसी चार्जर, इथल्या मंडळींच्या भाषेत बी-टू-बी, बॅटरी टू बॅटरी. आईला मी तो असा समजावला: रिले म्हणजे नुसता कॉक. नळाला दाब नसेल तर कॉक उघडून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढत नाही, त्याला मोटार लागते. हा चार्जर म्हणजे ती मोटार. पुढून १२.५ व्होल्ट आले तरी तो ते चढवून मागे १४.२ ला देतो, आणि ठरलेल्यापेक्षा जास्त करंट ओढत नाही.

किती अँपिअरचा घ्यायचा, यावर मात्र आठवडा गेला. घरात दोघंही इंजिनिअर असल्याचा हा तोटा. फ्रिजला दिवसाला साधारण ३० एएच, थंडीच्या रात्री हीटरला १२ ते १५, दिवे-मोबाइल-पंप मिळून सहा-सात. म्हणजे रोजचा खर्च पन्नासच्या आसपास. आम्ही एका जागी फार टिकत नाही, रोज दीड-दोन तास गाडी चालतेच. दोन तास गुणिले ३० अँपिअर म्हणजे ६०. नवऱ्याचा जीव ५० अँपिअरवाल्यावर होता. अल्टरनेटरवरचा भार आणि वायरीची जाडी दाखवून मी त्याला ३० वर आणलं. व्हिक्ट्रॉन कंपनीचा ओरायन चार्जर घेतला.

बॅटरीही बदलायची ठरली, या वेळी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १०० एएच. लेड-ॲसिडच्या ११० पैकी निम्मेच वापरायचे, नाहीतर आयुष्य घटतं. हिच्यातले ८०-९० बिनघोर वापरता येतात, आणि वजन निम्म्याहून कमी. पथ्य एकच, पण कडक: शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही. आतल्या सेलवर धातुरूप लिथियम साचून कायमचं नुकसान होतं. म्हणून थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारं नियंत्रण असलेलीच घेतली, आणि गाडीच्या बाहेर कुठे न टांगता आतल्या सीटखाली ठेवली. लिथियम थेट रिलेवर का जोडली नाही, तर तिचा अंतर्गत रोध फार कमी. समोरचा देईल तेवढा करंट ती ओढते, आणि अल्टरनेटर तापून जळण्याची वेळ येते.

आता वायर. इंजिनाजवळच्या बॅटरीपासून मागच्या सीटपर्यंत पाच मीटर. जुनी वायर ६ चौरस मिलिमीटरची. चार्जर पुढून ३६ अँपिअरच्या आसपास ओढणार; त्या वायरीत अर्ध्या व्होल्टहून जास्त वाटेतच सांडतं. १६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.२ वर येतं. मुळात १२.५ च येणार असतील तर त्यातला अर्धा व्होल्ट वाटेत द्यायला मी तयार नव्हते. तांब्याचा भाव बघून नवऱ्याने फक्त सुस्कारा सोडला.

फ्यूजवरून मामांशी थोडं वाजलं. त्यांचं म्हणणं, पुढे एक फ्यूज टाकला की झालं. पण या वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. ती मधेच कुठे घासून पत्र्याला लागली, तर पुढचा फ्यूज उडाला तरी मागून विजेचा लोंढा येऊ शकतो. म्हणून दोन्हीकडे, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, ६० अँपिअरचा एकेक फ्यूज टाकला. मामा जरा थांबून म्हणाले, "खरं हाय तुझं." ही मात्र मी तारीख लिहून ठेवावी अशी घटना.

कामाच्या दिवशी त्यांची पहिली सूचना मात्र निमूटपणे पाळली: आधी बांगड्या आणि मंगळसूत्र काढून घरात ठेव. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक गाफील राहतात, पण धातूची बांगडी प्लस आणि पत्रा यांच्यात अडकली तर क्षणात लालभडक होते. मग आधी निगेटिव्ह सोडायची, जोडताना ती शेवटी. पाना चुकून पत्र्याला लागला तरी काही होत नाही, ते या क्रमामुळे.

सगळ्यात जास्त वेळ कशाला लागला? इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या पडद्यातून वायर आत घ्यायला. वायर जायच्या भोकाचं रबरी बुच सापडेना. लीड्सचा पाऊस, मी डॅशबोर्डखाली उलटी, तोंडात टॉर्च, बाहेर नवरा ताठ तार खुपसून विचारतोय, "दिसली का?" दीड तास गेला. बुच कार्पेटच्या मागे होतं.

वायरीच्या टोकांना लग, म्हणजे बोल्टला अडकवायची धातूची कडी, लावताना पुन्हा मतभेद: मामा सोल्डरवाले (कथील वितळवून जोडणारे), मी क्रिम्पवाली (दाबून बसवणारी). चालत्या गाडीत वायर सतत थरथरते, आणि सोल्डर शिरून ताठ झालेला भाग जिथे संपतो तिथेच ती तुटते. उसना हायड्रॉलिक चिमटा आणला, लग दाबले, वर तापवल्यावर आकसणारी गोंदाची हीट-श्रिंक नळी चढवली. एक लग ओढून बघितला तर हातात आला. साइज चुकला होता. तो कापून दुसरा लावला. सगळेच लग ओढून बघायची सवय तिथून लागली.

निगेटिव्ह पुढच्या बॅटरीच्या खुंटीवर थेट लावली नाही. तिथे करंट मोजणारा सेन्सर असतो. त्याला वळसा घातला तर गाडीचा हिशेब बिघडतो. चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, लग घट्ट आवळला आणि वर व्हॅसलीन चोपडलं, अगदी मामांच्या पद्धतीने. जुना रिले मात्र आठवणीने पूर्ण काढून टाकला. तो राहिला असता तर मागचं व्होल्टेज चढताच लागला असता, मागची वीज पुढे, चार्जर पुढची मागे, अशी नुसती प्रदक्षिणा सुरू झाली असती.

छतावरच्या पॅनेलचा सोलर कंट्रोलर आणि बाहेरच्या विजेवर चालणारा २३० व्होल्टचा चार्जर, दोन्हींची सेटिंग लिथियमला बदलली. २३० च्या बाजूच्या वायरिंगला मी हात लावला नाही, ते जाणकार इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं. छतावरचं १०० वॉटचं पॅनेल इथल्या डिसेंबरात शोभेचंच असतं. विमा कंपनीलाही बदल कळवले.

गाडी सुरू केली, मोबाइलवर ३० अँपिअर दिसले, आम्ही टाळ्या वाजवल्या. पाऊण तासाने बघते तर २१. काळजाचा ठोका चुकला. पण चूक माझीच होती. चार्जर मी सीटखालच्या बंद खोक्यात आडवा बसवला होता. तो चांगलाच तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवायला करंट कमी करतो. पुढच्या शनिवारी तो काढून उभा बसवला, वर-खाली चार बोटांहून जास्त मोकळी जागा ठेवली आणि खोक्याला जाळी पाडली. तेव्हापासून आकडा हलला नाही. दुसरी चूक इग्निशनच्या, म्हणजे गाडी चालू असल्याचं चार्जरला सांगणाऱ्या, वायरीची. मी निवडलेल्या फ्यूजला किल्ली काढल्यावरही बराच वेळ वीज राहायची, आणि चार्जर तेवढा वेळ पुढच्या बॅटरीचं रक्त शोषायचा. वायर शेजारच्या फ्यूजवर नेली.

एक गोष्ट उशिरा घेतली, ती आधी घ्यायला हवी होती: शंट, म्हणजे बॅटरीत किती गेलं, किती आलं हे मोजणारा मीटर. लिथियमचं व्होल्टेज बघून काही कळत नाही. घरचा गॅस आठवा. सिलिंडर अर्धं असो की तळाला, ज्योत तशीच, आणि मग पाहुणे आलेले असताना फुस्स. हिचंही तेच; ७० टक्के आणि ४० टक्के यांत जेमतेम एका व्होल्टच्या दहाव्या भागाएवढा फरक.

फेब्रुवारीत व्हिटबीला गेलो. रात्री बाहेर उणे तीन. पहाटे तीनला जुन्या सवयीने जाग आली. हीटर मांजरासारखा घुरघुरत होता, मीटरवर ५८ टक्के. सकाळी ४४ वर चहा झाला, आणि दोन तासांनी लीड्सला घरासमोर थांबलो तेव्हा ९७.

सगळे फोटो मामांना पाठवले. वायरीच्या क्लिपा दोन ठिकाणी लांब-लांब आहेत एवढंच ते म्हणाले. मग दुसरा मेसेज आला: काढलेल्या रिलेचं काय केलंस?

मार्चमध्ये कोल्हापूरला जाणाऱ्या मैत्रिणीच्या बॅगेत तो गेला. मामांच्या एका गिऱ्हाइकाचा बँजो पार्टीचा टेम्पो आहे, जुना, साध्या डायनामोचा. त्यात ॲम्प्लिफायरला वेगळी बॅटरी हवी होती. परवा मामांनी व्हिडिओ धाडला. मीटरवर १४.२, मागे कुणीतरी ढोलकी जुळवतंय, आणि मधेच स्पष्ट ऐकू आलं, टक्. मामा कॅमेऱ्यामागून म्हणाले, "बघ, एकदाच वाजला."