नकोस की नको?

"यू मस्ट नॉट कम टुमॉरो." दुपारच्या सुस्तीत फोनवर एवढंच वाक्य येतं आणि वाचणारा आठवू लागतो, आपलं नेमकं काय चुकलं? पाठवणाऱ्याला म्हणायचं असतं, उद्या नाही आलास तरी चालेल. लिहून जातो, खबरदार आलास तर! तिथे 'डोन्ट हॅव टू' हवं होतं, नाहीतर 'नीड नॉट'.

गंमत अशी, की मराठीत ही चूक कुणी करत नाही. 'लवकर उठू नकोस' म्हणजे मनाई आणि 'लवकर उठायला नको' म्हणजे सुटका, हे शेंबडं पोरही जाणतं. पण 'मस्ट म्हणजे लागणे' असं एकदा घोकलं की पुढचं आपोआप घडतं. 'लागतं'चा नकार 'लागत नाही', मग 'मस्ट'चा 'मस्ट नॉट'. हा 'नॉट' मात्र सक्ती उठवत नाही. सक्ती जागेवरच राहते, फक्त ती न करण्याची होते.

कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. इंग्रजीतल्या नऊ साहाय्यक क्रियापदांचं, म्हणजे 'मोडल' मंडळींचं, हे कुटुंब भलतंच मानी. 'ही' आला, 'शी' आली, तरी शेपटीला 'एस' लावून घेणार नाहीत. आपलं 'पाहिजे' तरी कुठे बदलतं? मला पाहिजे, त्याला पाहिजे. तरीही हात शिवशिवतात आणि मोडलला नाकारलेला 'एस' पुढच्या क्रियापदाला चिकटवला जातो: 'ही कॅन गोज'. पुढे मूळ क्रियापदच हवं, मध्ये 'टू'ही नको. शिवाय दोघं शेजारी बसत नाहीत, म्हणून 'विल कॅन' नाही, 'विल बी एबल टू'. मस्टला तर सक्तीचा भूतकाळच नाही. काल जावं लागलं असेल तर 'हॅड टू'.

सगळ्यात लबाड कुड. बराच वेळ खटपट केल्यावर कुलूप उघडलं, तर 'आय कुड ओपन इट' म्हणू नये. कुड अंगातली कुवत सांगतो, त्या एका वेळी साधलेलं काम नाही. तिथे 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू'. उघडलं नाही, तर मात्र 'कुडन्ट' बिनधास्त. दिसणं-ऐकू येणं यांनाही सूट आहे: 'आय कुड हिअर हिम' चालतं. अपयशाला एक नियम आणि यशाला दुसरा, हा काय न्याय?

आणि आपलं लाडकं 'असणार'. दिवा चालू आहे, म्हणजे ती घरी असणार: 'शी मस्ट बी ॲट होम'. दाराला बाहेरून कुलूप, म्हणजे घरी नसणार: इथे 'मस्ट नॉट' नव्हे, 'कान्ट बी'. कुठेतरी गेली असणार: 'मस्ट हॅव गॉन'.

माइटचं तर विचारूच नका. 'यू माइट हॅव टोल्ड मी' म्हणजे 'सांगितलंही असशील कदाचित', आणि जरा ठसक्यात म्हटलं तर 'सांगायचं तरी होतंस!' अक्षरं तीच. ठसका काही फोनवर टाइप होत नाही.

तिकडे 'मस्ट नॉट'वाल्याला एव्हाना उत्तर आलेलं असणार: "ओके." पूर्णविरामासकट.