चौदा हजार फुटांवरचा चक्का

पुण्याहून निघताना बॅगेत तीन लिटरचा कुकर कोंबला, तेव्हा बायको हसली होती. पेरूत काय कुकर मिळत नाहीत? मिळतात की. पण कॅम्पवर पोचल्या रात्रीच एका तेलुगू सहकाऱ्याने पातेल्यात लावलेली तूरडाळ पाहिली. दोन तास रटरट उकळतेय आणि दाणा तसाच टणक. ४,३०० मीटर उंचीवर पाणी ८५-८६ अंशांनाच उकळतं. उकळतं जोरात, शिजवत काहीच नाही. त्या रात्रीपासून माझ्या कुकरला कॅम्पवर जावयाचा मान.

जागा मध्य पेरूतली, सेर्रो दे पास्कोच्या बाजूची. जस्त आणि शिशाच्या खाणींचा हा जुना मुलूख. सकाळी लिमाला समुद्राकाठी नाश्ता करायचा आणि दुपारी ४,८१८ मीटरवरचा तिक्लिओ घाट ओलांडायचा, असा रस्ता. डोकं घणाने ठोकल्यासारखं दुखतं. इथे त्याला ‘सोरोचे’ म्हणतात. उपाय म्हणजे कोकाच्या पानांचा चहा, कमी जेवण आणि दोन दिवस गप्प पडून राहणं. तिसरा सर्वांत अवघड.

आमचं काम होतं गिरणीत दोन प्रेशर फिल्टर बसवायचं. दगड पिठासारखा दळून, पाण्यात फेस काढून त्या फेसाबरोबर जस्ताचं खनिज वर आणतात. ते कॉन्सन्ट्रेट म्हणजे गडद रंगाचा चिखलच. थिकनरच्या, म्हणजे चिखल खाली बसवणाऱ्या मोठ्या टाकीच्या, तळातून निघतानाही त्यात तीसपस्तीस टक्के पाणी असतं. ते काढायचं कसं? आपण चक्का कसा करतो, तसंच. आई दही पंचात बांधून खुंटीला टांगायची. घाई असली की पुरचुंडी पाटाखाली ठेवायची आणि वर वरवंटा.

इथे आधी व्हॅक्यूमचे डिस्क फिल्टर होते. कापडाच्या आतून पंप हवा ओढतो आणि चिखलातलं पाणी आत येतं. पण पंप ओढतो हे म्हणायला. खरं तर बाहेरची हवा ढकलते. आणि इथे बाहेरची हवाच समुद्रकाठच्या साठ टक्के! खुंटीला टांगलेल्या चक्क्यासारखं नुसतं ठिबकत राहायचं. ओलावा तेरा टक्क्यांच्या खाली येईना. म्हणजे कायाओ बंदराकडे जाणाऱ्या तीस टनी ट्रकमध्ये जवळपास चार टन नुसतं पाणी, तेही घाटातून, डिझेल जाळून. वर जहाजाचा नियम. प्रत्येक मालाची ओलाव्याची मर्यादा चाचणीने ठरलेली असते. त्यापुढचा ओला माल लाटांच्या हेलकाव्यांनी पातळ होऊन एका अंगाला सरकतो आणि जहाज कलंडू शकतं.

प्रेशर फिल्टर हवेच्या मेहेरबानीवर चालत नाही. प्लेटा एकमेकींवर घट्ट दाबायच्या, मधल्या पोकळ्यांत चिखल पंपाने भरायचा, मग रबरी पडदे फुगवून पिळायचा. हा आमचा वरवंटा, पंधरा बारचा, म्हणजे समुद्रकाठच्या हवेच्या जवळपास पंधरापट दाबाचा. शेवटी केकमधून, म्हणजे पिळून उरलेल्या वडीतून, दाबाची हवा सोडून उरलंसुरलं पाणी हुसकायचं. प्लेटा उघडल्या की केक धपकन खाली.

पाया भरणं हेच निम्मं दुखणं. रात्री पारा शून्याखाली, त्यामुळे ग्राउटवर, म्हणजे यंत्राच्या बुडाखाली ओतलेल्या सिमेंटच्या मिश्रणावर, ताडपत्रीचा तंबू ठोकून आत हीटर लावले आणि पाळ्या करून राखण केली. साइटचा म्होरक्या होता पन्नाशीचा एक मायेस्त्रो, म्हणजे उस्ताद कारागीर. तो मला ‘इन्हे’ म्हणे, म्हणजे इंजिनियरचं लाडकं रूप. कधी होणार विचारलं की उत्तर ‘आओरिता’. शब्दाचा अर्थ ‘आत्ताच’, पण आपल्या ‘निघालोच, पाच मिनिटांत पोचतो’च्या जातीचा.

मशीन सुरू करण्याआधी मायेस्त्रो आणि त्याच्या माणसांनी पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, नैवेद्य दाखवला. कोकाची तीन-तीन निवडक पानं, मिठाई आणि जमिनीवर ओतलेली दारू. मी लिमाहून आणलेला नारळ काढला. मायेस्त्रोने तो कानाशी हलवून पाहिला आणि बजावलं, पहिलं पाणी जमिनीला. मी म्हटलं, आमच्यातही तसंच.

एवढं करूनही पहिला केक ओलाच! ११ टक्के. पिळणं चोख होतं, कापडं नवी होती. दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग सापडलं, तेही माझ्याच फाइलीत. केकमधून सोडायची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर निवडताना मी मिनिटाला किती घनमीटर तेवढंच पाहिलं होतं. कागदावरचे घनमीटर समुद्रसपाटीचे, आणि यंत्र ओढत होतं इथली विरळ हवा. आकारमान तेच, ऐवज साठ टक्के. स्वतः दोन जिने चढून धापा टाकत होतो, तरी कॉम्प्रेसरलाही दम लागत असेल हे काही सुचलं नाही. फोनवर पुण्याच्या साहेबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “अरे, कुकर नेलास ना?”

दुसरा कॉम्प्रेसर यायला सात आठवडे लागले. तोवर हवा सोडायचा वेळ वाढवून, कमी फेऱ्यांत भागवलं. आकडा प्रयोगशाळेतून यायच्या आधी मायेस्त्रो केकचा गोळा मुठीत दाबून बघायचा. बोटांना चिकटला तर मान हलवायचा. फुटून भुगा झाला तरी हलवायचाच, कारण फार कोरडा माल म्हणजे धूळ, आणि शिशाची धूळ कोणाला हवीय? दुसरा कॉम्प्रेसर लागल्यावर गोळा मुठीत टिकला, बोटं स्वच्छ राहिली. प्रयोगशाळेचा आकडा ८.४.

फिल्टरच्या केकला इथे ‘केके’ म्हणतात आणि खायच्या केकलाही तोच शब्द. त्या संध्याकाळी कँटीनने संत्र्याचा केके केला. मायेस्त्रोने एक तुकडा घेतला, मुठीत दाबला, बोटं निरखली आणि गंभीर चेहऱ्याने मला म्हणाला, “ओला आहे, इन्हे. आणखी हवा सोडा.”