टाळी नको, हात जोड

रविवार, रात्री साडेनऊ

आज मोटारसायकल शिकताना गाडी ११ वेळा बंद पडली. मोजायचं नाही असं ठरवून निघाले होते, तरी मनातल्या मनात आकडा चालूच होता.

मागचे दोन रविवार साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर गेले. तिथं जमत होतं. सुट्टीच्या दिवशी सगळी शटर खाली, रस्ता सरळ आणि सपाट, एखादं कुत्रं आडवं आलं तर आलं. अण्णांची स्प्लेंडर, चार गिअर. चारही पुढं दाबत जायचे, उतरवताना टाचेनं मागं दाबायचं. हे दुसऱ्याच दिवशी पायाला कळलं. मागं कोरं 'एल' लावलंय, पांढऱ्यावर लाल. लर्निंग लायसन सहा महिने चालतं आणि ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही, म्हणजे मार्चअखेर तरी नंबर लागावा. पावसाच्या आत मला गाडी यायलाच हवी.

मागच्या जुलैतली ती संध्याकाळ काही डोक्यातून जात नाही. उपकेंद्राचं काम संपवून फाट्यावर आले तर शेवटची एसटी गेलेली. ठोसेघरच्या बाजूचा पाऊस, धुक्यात समोरचं झाड दिसेना. दीड तास उभी होते. शेवटी एका दुधाच्या टेम्पोवाल्या मामांनी बसवून घेतलं. घरी पोचले तेव्हा आई दारातच होती. त्या दिवसापासून मनात आहे, की कुणाच्या तरी गाडीची वाट बघणं आता बस्स. सगळे म्हणतात स्कूटी घे, सोपी असते. पण घरात चालती गाडी उभी असताना नव्या गाडीचं कर्ज कशाला? आणि मला हीच शिकायची आहे.

अडतंय ते क्लचपाशी. अण्णांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळं ते 'असं कर, तसं कर' म्हणत नाहीत, आत काय होतं ते दाखवतात. पहिल्या दिवशी दोन तळवे समोरासमोर धरले. "हा इंजिनाकडचा, हा चाकाकडचा. क्लच दाबलास की हे सुटे." मग एक तळवा फिरवत दुसऱ्याला हलकेच टेकवला. दुसरा घसटत घसटत फिरायला लागला. "हा हाफ क्लच. प्लेटा अजून घसरतायत, पण ओढायला लागल्यात. तू काय करतेस ताई, एकदम टाळी वाजवतेस. टाळी नको वाजवू, हात जोड."

सपाटीवर हात जोडणं जमलं. आज सकाळी साडेसहाला त्यांनी गाडी राजवाड्यावरून समर्थ मंदिराच्या चढाला घ्यायला लावली. माझी वाट तीच आहे, बोगद्यातून पलीकडं. हा चढ टाळून मला कुठंच जाता येणार नाही. पुढं एक रिक्षा थांबली म्हणून मी थांबले, आणि निघताना गाडी बंद. परत किक, परत बंद. मागं भाजीचा टेम्पो. हॉर्न वाजला आणि माझे हात माझे राहिले नाहीत. गाडी हातभर मागं सरकली. अण्णांनी मागून दोन्ही पाय टेकवले म्हणून सावरली.

पडायची भीती मला तेवढी नाही, हे आज कळलं. खरचटेल, बरं होईल. भीती आहे ती रस्त्यात अडून बसण्याची, आपल्यामुळं दुसऱ्यांचा खोळंबा होण्याची. लहानपणापासून 'बाजूला सर, वाट दे' हेच अंगात मुरलंय. रस्त्यावर माझीही जागा आहे, हे हाताला अजून पटलेलं नाही.

बुधवार

परतीच्या एसटीत ड्रायव्हरच्या अगदी मागची सीट मिळाली. घाटात त्यांचा डावा पायच बघत होते. पेडलवरून वर येताना तो मध्ये एका जागी थांबतो. एवढी भरलेली गाडी, आणि घाई म्हणून नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, पालथी पडशील. अण्णांना विचारलं. ते म्हणाले, थांबताना सगळं वजन पुढं येतं, म्हणून गाडी जास्त करून पुढचाच ब्रेक थांबवतो. फक्त हिसका द्यायचा नाही, दाबत न्यायचा. वाळूवर आणि वळणात मात्र जपून.

रविवार

परत तोच चढ. मुद्दाम मध्येच थांबवलं मला. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा जमिनीवर, पहिला गिअर. "आता कान दे," अण्णा म्हणाले. थोडी रेस ठेवून क्लच सोडत गेले. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड झाला, पाठीवर ओझं घेतल्यावर माणसाचा होतो तसा. "थांब तिथंच. आता ब्रेक सोड." सोडला. गाडी मागं गेली नाही. क्षणभर चढावर नुसती उभी राहिली आणि मग पुढं सरकली.

मागं हॉर्न वाजत होता. मी आवाज ऐकत होते, पण इंजिनाचा.

तीनदा केलं, एकदाच बंद पडली. मग बोगद्यातून पलीकडं गेलो, पहिल्या वळणापर्यंत, आणि उन्हात गाडी लावून थांबलो. परत फिरताना अण्णा स्वतःहून मागं बसले, काही बोलले नाहीत.

पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालच्या भुयारी रस्त्यात, शिरायचा धीर अजून नाही. डाव्या हाताची बोटं ठणकतायत, आईनं तेल चोळून दिलं. उद्या कामाला एसटीनंच. केबलला ऑइल सोडायचंय, लिव्हर जड लागतोय. अण्णांना सकाळी आठवण करायची.